ईस्टरचा ससा आणि त्याचं मोल



उपवासकाळ निम्म्यावर येतो न येतो तोच आम्हा धर्मशिक्षकांच्या ग्रुपवर फोटो पडायला लागतात. स्ट्रॉबेरीचे कान लावलेला ससा, किवीचा ससा, ब्लूबेरीच्या डोळ्यांचा ससा आणि सोनेरी कागदातला चॉकलेटचा ससा. खाली दरवर्षीचा प्रश्न असतो, "मुलांसाठी या वेळी हे करायचं का?" उत्तर ग्रुपवरच्या दोन ओळींत मावत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो आहोत. फळांचे प्राणी आम्ही जरूर करणार. मुलांना घेऊन, हात बरबटवून, हसतखेळत करणार. ससा मात्र करणार नाही, आणि चॉकलेटचा ससा वाटणार तर मुळीच नाही.

काहींना हा हट्ट वाटेल. "एवढ्याशा सशावर एवढं काय बोलायचं?" असं आम्हाला विचारलंही गेलं आहे. पण मुलांच्या मनात सण कसा बसतो? प्रवचनाने थोडा बसतो, हातात आणि तोंडात जे येतं त्याने जास्त बसतो. नाताळ म्हटलं की आपल्या मुलांना आधी करंजी आठवते आणि मग गोठा. ईस्टर म्हटल्यावर त्यांना काय आठवावं, हे आपण ठरवलं नाही तर दुकान ठरवेल. बरंचसं ठरवूनही झालं आहे.

ससा आला कुठून?

आधी सशाला न्याय देऊ. तोही देवाचाच जीव. पण पवित्र शास्त्रात त्याचा आणि पुनरुत्थानाचा काही संबंध नाही. जुन्या करारात त्याचं नाव दोन ठिकाणी येतं, लेवीय ११ मध्ये आणि अनुवाद १४ मध्ये, आणि दोन्हीकडे ते खाऊ नये अशा प्राण्यांच्या यादीत आहे. नव्या करारात तर ससा नाहीच.

अंडी आणणाऱ्या ईस्टरच्या सशाची जुनी लेखी नोंद सापडते ती १६८२ सालच्या एका लॅटिन प्रबंधात. तो गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या जर्मन वैद्याच्या नावावर आहे. तिकडच्या लोकांत मुलांना सांगायची ती एक गंमतगोष्ट होती. पुढे अठराव्या शतकात जर्मन भाषक कुटुंबं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिली आणि ससाही त्यांच्याबरोबर गेला. चॉकलेट तर त्याहून अलीकडचं. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ब्रिटनमधलं पहिलं चॉकलेटचं ईस्टर अंडं १८७३ मध्ये काढलं, आणि कॅडबरीचं १८७५ मध्ये आलं. म्हणजे आज जी "ईस्टरची परंपरा" म्हणून आपल्या मुलांच्या हातात येते, ती बेळगाव कॅम्पातल्या १८६९ च्या सेंट मेरी चर्चपेक्षाही वयाने लहान आहे.

अंड्याचं वेगळं आहे, हेही सांगायला हवं. मध्ययुगात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास धरत नसत, त्यामुळे ईस्टरपर्यंत घरोघरी अंडी साठत आणि सणाला ती आनंदाने खाल्ली जात. कवच फोडून बाहेर येणारं पिल्लू, ही रिकाम्या कबरेची साधी आणि खरी खूण आहे. पूर्वेकडच्या मंडळ्या आजही अंडी लाल रंगवतात. गोव्याकडे काजूच्या माझपानची अंडी होतात. त्यावर आमची काही तक्रार नाही.

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत. ससा दिसला रे दिसला की ते लांबलचक मेसेज पाठवतात: ईस्टर हा मूळचा बिगरख्रिस्ती सण, हे एका देवीचं नाव, ससा तिचं वाहन, म्हणून सणच टाकून द्या. त्यांच्याशीही आमचं जमत नाही. संत बीड यांनी इ. स. ७२५ च्या सुमारास एओस्त्रे या देवीचा एकदाच ओझरता उल्लेख केला आहे. त्या उल्लेखात ससा नाही. शिवाय "ईस्टर" हे नाव इंग्रजी आणि जर्मनच्या वळणाचं. जगातल्या कितीतरी भाषांत या सणाचं नाव "पेसाख" या हिब्रू शब्दापासून झालेल्या "पास्का"वरून आलं आहे. आपल्या वर्गातल्या कोकणी भावंडांच्या घरी आजही "पास्कांचें फेस्त" म्हणतात. सणाचं मूळ शोधायचं तर ते मिसरातून सुटकेच्या रात्री सापडतं, सशाच्या बिळात नाही. म्हणून ससा अपवित्र आहे असं आमचं म्हणणं नाही. तो आपल्या मुलांना काहीच शिकवत नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे.

ईस्टर बागेत घडला

शिकवायला मग काय आहे? संत योहानाचं शुभवर्तमान उघडा. अध्याय १९ च्या शेवटी तो मुद्दाम सांगतो की येशूला जिथं ठेवलं ती कबर एका बागेत होती. अध्याय २० मध्ये मरिया माग्दालिया रडत उभी आहे. पुनरुत्थित प्रभू तिच्यासमोर येतो आणि तिला तो माळी वाटतो. आपण हे वाक्य दरवर्षी ऐकतो आणि तिची समजण्यात चूक झाली एवढंच म्हणून पुढे जातो. पण आदामाला देवाने बागेतच ठेवलं होतं, बागेतल्या फळावरूनच सगळं बिघडलं होतं, आणि ते सगळं नीट करणारा पुन्हा बागेतच उभा राहिला. मरियेला तो माळी वाटला, यात फारसं काही चुकलं नव्हतं.

संत पौल त्याहून पुढे जातो. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, तो पुनरुत्थित ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो. शेतकऱ्याच्या लेकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पहिला आंबा उतरला, पहिलं कणीस हाती आलं, म्हणजे मागून पीक येणार. ख्रिस्त उठला, म्हणजे मागून आपणही उठणार. आमच्या पदवीच्या पुस्तकांत रूपकांवर पानंच्या पानं होती. यापेक्षा नेमकं रूपक त्यांत क्वचितच भेटलं.

आणि तिसरी गोष्ट. उठलेला प्रभू जेवतो. लूकच्या शेवटच्या अध्यायात तो शिष्यांकडे खायला मागतो आणि भाजलेला मासा त्यांच्या डोळ्यांदेखत खातो. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तो किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. म्हणजे बाग, फळ आणि एकत्र खाणं, ही तिन्ही ईस्टरच्या मूळ कथेतच आहेत. मुलांबरोबर बसून फळं कापणं आणि वाटून खाणं हा ईस्टरला जोडलेला पोरखेळ नव्हे. सोनेरी कागदातला ससा हीच बाहेरून चिकटवलेली वस्तू आहे.

सशाचं मोल

आपल्या सीमाभागात एका वर्गात तीन भाषा बसलेल्या असतात. कन्नडमध्ये सशाला "मोल" म्हणतात आणि मराठीत मोल म्हणजे किंमत. वर्गात यावर हशा पिकतो. आम्हाला मात्र या शब्दापाशी थांबावंसं वाटतं.

चॉकलेटच्या सशाचं मोल कोण देतं? एका धर्मग्रामातली ईस्टरची पार्टी आम्ही पाहिली आहे. मुलांकडून वर्गणी गोळा केली होती. प्रत्येकाला ससा मिळाला. ज्यांनी वर्गणी दिली नव्हती ती मुलं त्या दिवशी आलीच नाहीत. कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. मुलांना ते म्हणावं लागत नाही. मिस्सेला ती आली होती. पार्टीच्या वेळी हळूच घरी गेली. ज्या सणाला कबरेवरचा धोंडा बाजूला सारला गेला, त्याच सणाला आपण दारात नवा धोंडा आणून ठेवतो, आणि तो चॉकलेटचा असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

निपाणीकडे ज्यांच्या आया तंबाखूच्या वखारीत राबतात किंवा घरी बसून विड्या वळतात, त्या घरांत फळ कधी येतं, हे आम्हाला वर्गातच कळलं. "तुमच्या घरी सफरचंद कधी आणतात?" या प्रश्नाला आलेलं उत्तर होतं, "कुणी आजारी पडलं की." पुढच्या दोन मुलांनीही माना डोलावल्या. विचार करा. आपल्या कितीतरी घरांत फळ हे दवाखान्यात जाताना पिशवीतून न्यायचं, नाहीतर उपासाला खायचं. निरोगी पोराने, काही कारण नसताना, केवळ आनंद म्हणून फळ खावं, हे त्याच्या वाट्याला येत नाही. मग प्रभू उठला त्या दिवसाहून चांगलं कारण आणखी कोणतं?

एका बऱ्यापैकी चॉकलेटच्या सशाच्या पैशात डझनभर जवारी केळी येतात. तो ससा बेळगावहून एसटीने निपाणीला न्यायचा तर एप्रिलच्या उन्हात आधी त्याचे कान वितळतात. आणि फोडला तर आतून बहुतेक वेळा पोकळ निघतो. कबरही रिकामी होती, पण तिच्या रिकामेपणाने जग भरून गेलं. सशाच्या पोकळीत फक्त हवा असते, आणि तिचेही आपण पैसे मोजलेले असतात.

किवी, ब्लूबेरी आणि परदेशी सफरचंदाबद्दलही आमचं हेच म्हणणं आहे. फोटोतल्यासारखं दिसावं म्हणून महागडी फळं शोधत हिंडू नका. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्याकडे काय नसतं? द्राक्षं अजून असतात. कलिंगडांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागलेले असतात. पपई, चिकू, केळी आहेत. रामफळ आहे. खानापूर आणि चंदगडकडे काजूची बोंडं पिकून खाली पडत असतात आणि बी काढून घेतल्यावर ती तशीच टाकून दिली जातात. कैरी आहे, चिंच आहे. देवाने या मातीत या दिवसांत जे वाढून ठेवलं आहे, त्याने त्याचा सण साजरा होत नाही, असं कुणी सांगितलं?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. तिथं १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून आणलेले काही ससे मोकळे सोडले. त्यांची इतकी पैदास झाली की त्यांनी शेतं खाल्ली आणि तिथल्या मूळच्या प्राण्यांची जागाही खाल्ली. शेवटी तिथल्या लोकांनाच प्रश्न पडला की आपली भूमी ओरबाडणाऱ्या प्राण्याला आपण सणाला का पूजतो आहोत. म्हणून त्यांनी बिल्बी हा लांब कानांचा, नाहीसा होत चाललेला त्यांचा स्वतःचा प्राणी ईस्टरला पुढे केला. त्याची चॉकलेटं करून त्या पैशांतून त्याच्या रक्षणालाही मदत होऊ लागली. ऑस्ट्रेलियाला आपला प्राणी सापडतो, मग आपल्यालाच का सापडू नये?

"धर्मशिक्षणाच्या तासाला खेळ कशाला?"

हा आक्षेप ज्येष्ठ मंडळींचा आहे, आणि तो आम्ही आदराने ऐकतो. वर्षभरात तास मोजकेच असतात, प्रथम कम्युनियनची तयारी असते, मुलांना प्रार्थना नीट पाठ नसतात. अशात केळी कापत बसायचं का?

पण अनुवादाचा सव्विसावा अध्याय वाचा. मोशे लोकांना काय सांगतो? देशातलं पहिलं फळ टोपलीत घाला, याजकाकडे घेऊन जा, टोपली वेदीपुढे ठेवा, आणि तिथं उभं राहून आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगा: ते भटके कसे होते, मिसरात कसे गेले, कसे राबवले गेले, देवाने कसं सोडवलं. मग लेवी आणि परका यांनाही बोलावून सगळ्यांनी मिळून आनंद करा. हा तर धर्मशिक्षणाचा वर्ग झाला! हातात फळांची टोपली, तोंडात श्रद्धेचा इतिहास आणि शेवटी सगळ्यांबरोबर जेवण. मोशेने पाठ्यपुस्तक टोपलीपासून वेगळं केलं नव्हतं. ते आपण केलं.

संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात नाताळची रात्र कशी समजावली, हेही आठवा. त्याने गवत मागवलं, बैल आणि गाढव आणून उभे केले. अडाणी शेतकऱ्यांना देवाचं देहधारण त्या प्राण्यांच्या श्वासात कळलं. आज प्रत्येक चर्चमध्ये गोठा आहे तो त्या रात्रीमुळे. नाताळला प्राणी चालतात, मग ईस्टरला का चालू नयेत?

"अन्नाशी खेळू नये"

हा दुसरा आक्षेप, बहुधा आजीचा. आणि आजीचं बरोबर आहे. फोटोसाठी फळ कापायचं आणि नंतर ते काळं पडून टोपलीत जायचं, हे पाप नसेल तर पापाच्या अगदी शेजारचं आहे. म्हणून आमचे नियम आजीला विचारूनच केले आहेत.

पहिला नियम, जे कापलं ते खाल्लं गेलंच पाहिजे. कापण्याआधी प्रार्थना आणि खाण्याआधी एकच फोटो. दुसरा, वर्गणी नाही. ज्याला जमेल त्याने घरून एक फळ आणावं, कोणतंही. वर्गाआधी सगळी फळं एकाच टोपलीत जातात, त्यामुळे कुणी काय आणलं आणि कुणी आणलं नाही हे कळत नाही. फळ न आणणारा फळं धुतो. हे काम आम्ही मानाचं करून ठेवलं आहे आणि त्यासाठी आता भांडणं होतात. तिसरा, प्रत्येकाने दोन प्राणी करायचे, एक स्वतःला आणि एक दुसऱ्याला. लेवीय १९ मध्ये देव द्राक्षमळ्याच्या मालकाला सांगतो की सगळी द्राक्षं खुडू नकोस, पडलेली गोळा करू नकोस, गरिबाला आणि परक्याला राहू दे. तो दुसरा प्राणी म्हणजे मळ्यात राखून ठेवलेली द्राक्षं. तो अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे जातो, चर्चच्या वॉचमनकडे जातो, विड्या वळणाऱ्या शेजारच्या मावशीकडे जातो, मग ती कोणत्याही धर्माची असो.

काय करतो ते सांगतो

झावळ्यांच्या रविवारचं गाढव. चिकू अर्धा कापून तोंड, आणि खजुराच्या दोन फाकांचे लांब कान. यरुशलेमेत लोकांनी हाती घेतलेल्या झावळ्या खजुराच्या होत्या, हे इथं आपोआप सांगता येतं. चिकूच्या बिया डोळ्यांना लावू नका. त्यांना टोक असतं. डोळ्यांना काळ्या मनुका लावा.

पेत्राचा कोंबडा. अर्धा पेरू, त्यावर डाळिंबाच्या दाण्यांचा तुरा. तीनदा नाकारणारा पेत्र आणि नंतर किनाऱ्यावर तीनदा प्रेमाची कबुली देणारा पेत्र, दोन्ही गोष्टी दाणे लावता लावता होतात.

कोंबडी आणि पिल्लं. येशू यरुशलेमेसाठी हळहळला तेव्हा त्याने स्वतःची तुलना पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीशी केली. सिंहाशी नाही, गरुडाशी नाही, परसातल्या कोंबडीशी. पपईची अर्धी फोड म्हणजे कोंबडी, चमच्याने काढलेले पपईचेच छोटे गोळे म्हणजे पिल्लं. इथं भाषेचीही गंमत होते. कन्नड घरातलं मूल कोंबडीला "कोळी" म्हणतं आणि मराठी मुलं दचकून भिंतीवर बघतात. मग तिन्ही भाषांत नावं म्हणून घ्यायची. आदामाने प्राण्यांना नावं ठेवली, तो बहुधा आमच्यासारख्याच वर्गात बसला असावा.

कोकरू. केळ्याच्या चकत्या एकीवर एक रचून लोकर, काळ्या द्राक्षाचं तोंड. चकत्यांवर लगेच लिंबू पिळा, नाहीतर हवा लागून अर्ध्या तासात काळवंडतात.

आणि मुलांच्या सगळ्यात आवडीचं, १५३ मासे. योहान २१ मध्ये जाळ्यात १५३ मोठे मासे सापडले, असा आकडा दिला आहे. हिरवी द्राक्षं उभी अर्धी करायची आणि मोठ्या ताटात मोजून मांडायची. ७७ द्राक्षं अर्धी केली की १५४ तुकडे होतात. एक उरतो, तो मोजणाऱ्याने खायचा. पूर्ण वर्ग एकत्र मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो. एवढे मासे असूनही जाळं फाटलं नाही, हे वाक्य त्यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पालकांसाठी दोन सूचना, आणि त्या हसण्यावारी नेऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष कधीही देऊ नका, ते घशात अडकून जीव जाऊ शकतो. उभे चार तुकडे करून द्या. आणि लहान मुलांच्या प्राण्यांत टूथपिक खोचू नका. सुरी मोठ्यांच्या हातात, चमचा छोट्यांच्या.

मोठी मुलं नोहाचं तारू करतात. कलिंगडाची कोरलेली साल म्हणजे तारू, आणि आत जो तो आपल्या गावचा प्राणी बसवतो. खानापूरकडच्या मुलाने गवा बसवला, दुसऱ्याने शेकरू, तर कुणी धनेश पक्षी आणून त्याला पिकल्या केळ्याची चोच लावली. भीमगडचं रान २०११ पासून अभयारण्य आहे. हे त्या मुलांना आमच्याआधी माहीत होतं. सृष्टी देवाची आहे आणि ती आपल्या हवाली आहे, हा धडा त्यांनीच आम्हाला वाचून दाखवला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ताटाच्या मधोमध मोर

सशाच्या जागी काय ठेवायचं, याचं आमचं उत्तर मोर आहे. तो आम्ही आपल्याकडचा म्हणून ओढूनताणून आणलेला नाही. रोममधल्या ख्रिस्ती लोकांच्या भुयारी दफनस्थळांच्या भिंतींवर मोर रंगवलेले आहेत. मोराचं मांस कुजत नाही अशी त्या काळी समजूत होती आणि संत ऑगस्टिननेही "देवाच्या नगरी"बद्दलच्या ग्रंथात ते लिहून ठेवलं आहे. मोराची पिसं दरवर्षी झडतात आणि पुन्हा पहिल्यासारखी येतात. छळाच्या दिवसांत आपली माणसं पुरणाऱ्या त्या ख्रिस्ती लोकांना मोरात न संपणारं जीवन दिसलं. अंडी आणणाऱ्या सशाच्या गोष्टीआधी कित्येक शतकं हा पक्षी पुनरुत्थानाची साक्ष देत होता.

आणि आपल्या भाषेतही तो आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूचं "ख्रिस्तपुराण" १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. मराठीची थोरवी गाताना त्यांनी उपमा इथल्याच फुलांच्या, सुगंधांच्या आणि पक्ष्यांच्या घेतल्या, आणि पक्ष्यांतून मोर निवडला. इंग्लंडहून आलेल्या माणसाला शुभवर्तमान सांगताना इथला मोर पुरला. इथं जन्मलेल्या आपल्याला मात्र जर्मनीतला ससा अमेरिकामार्गे मागवावा लागतो. यात आधुनिकता कुठं आहे, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

मोर करायला सोपा आहे. मधोमध अर्धा पेरू, त्यावर कैरीच्या पातळ फाकेची मान, आणि मागे पिसाऱ्यासारखी पसरलेली हिरव्या आणि काळ्या द्राक्षांची अर्धुकं. प्रत्येक मूल आपल्या हाताने एक पीस लावतं. ज्याच्या घरून काही आलं नव्हतं त्याचंही पीस त्यात असतं आणि पिसारा पूर्ण होतो. मग तो मोडून सगळ्यांनी खायचा. सुंदर वस्तू मोडून वाटली तरच तिचा प्रसाद होतो, हे आपण दर रविवारी वेदीपाशी पाहतोच.

म्हणून पालकहो, या ईस्टरला दुकानात जाल तेव्हा सशापुढून तेवढे पुढे जा. गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या मावशीकडून डझनभर केळी घ्या, एक कलिंगड घ्या. मिस्सेनंतर मुलांना घेऊन अर्धा तास जमिनीवर बसा. मोबाईल बाजूला ठेवा. आणि एक फळ जास्त घ्या. ते कुणासाठी, हे मुलांनाच ठरवू द्या.

प्रार्थना करू या:

हे पुनरुत्थित प्रभू, मरियेला तू माळी वाटलास. आमच्या घराची बागही तुझ्याच हाती असू दे. या मातीतल्या फळांची आणि रानातल्या जीवांची आम्हाला ओळख राहू दे. ज्या घरात फळ फक्त आजारपणात येतं, त्या घरात या सणाला ते आनंदाने येऊ दे. कोणतंही लेकरू तुझ्या ताटापासून लाजून परत जाऊ नये, एवढं शहाणपण आम्हा मोठ्यांना दे. आमेन.